वाटीभर विरजण

मराठी भाषेने विरजणावर मोठा अन्याय केला आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. सहलीला निघायच्या सकाळी पाऊस कोसळू लागला की आपल्या उत्साहावर विरजण पडते. लग्नाची बोलणी रंगात आलेली असताना वरपक्षाकडच्या एखाद्या मामांनी मानपानाचा विषय काढला की साऱ्यांच्या आनंदावर विरजण पडते. दरवर्षी वर्गात हा वाक्प्रचार समजावून सांगताना मला मनातून त्या बिचाऱ्या विरजणाची कीव येते. ज्याच्या चमचाभर स्पर्शाने पातेलेभर दुधाचे एका रात्रीत घट्ट कवडीदार दही होते, ज्याच्यावाचून ताक नाही, लोणी नाही, कढी नाही आणि श्रीखंड तर नाहीच नाही, त्याच्या वाट्याला भाषेत अशी बदनामी यावी ना!

तरी भाषेची बाजू घ्यायचीच, तर एक गोष्ट सांगता येईल. दूध नासते, दूध विरजते, पीठ आंबते, पाला कुजतो. या चारही ठिकाणी घडते ते मुळात एकच. डोळ्यांना न दिसणारे जीव आपापले पोट भरत असतात. त्यांना बिचाऱ्यांना नासणे आणि विरजणे यांतला भेद काय ठाऊक? भेद आहे तो आपल्या सोयीचा. त्यांचे जेवण झाल्यावर मागे उरलेले आपल्याला चालले तर आपण म्हणतो विरजले; नाही चालले तर म्हणतो नासले. शेकडो वर्षे आपल्या बायका सूक्ष्मजंतूंशी संसार करीत आल्या आणि त्यांना ना त्यांचे नाव ठाऊक होते, ना रूप. ठाऊक होती ती फक्त त्यांची वागणूक. संसाराला तेवढी पुरते.

विरजणाचा म्हणून एक शिष्टाचारही आपल्याकडे ठरून गेला होता. शेजारची मुलगी वाटी घेऊन दारात उभी राहिली तर तिला नाही म्हणायचे नाही. विरजणाचे पैसे घ्यायचे नाहीत. मात्र दिवेलागण झाल्यावर ते द्यायचे नाही. घरचे दही कितीही गोड लागले, तरी शेवटचा चमचा उद्यासाठी राखून ठेवायचा. आणि दुधाला विरजण लावले की भांडे हलवायचे नाही. हे सारे नियम मी लहानपणी अंधश्रद्धेच्या खात्यात जमा केले होते. अलीकडे मात्र सूक्ष्मजंतूंच्या नव्या शास्त्राविषयी जे जे वाचते, त्यात मला हेच नियम पुन्हा पुन्हा भेटू लागले आहेत.

दूध आंबवणारे जंतू असतात, हे लुई पाश्चरने १८५७ साली दाखवून दिले. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातल्या दह्यात एक काडीसारखा जंतू पाहिला. पुढे त्या दह्याचा, म्हणजे योगर्टचा, अभ्यास झाला तेव्हा आढळले की त्यात दोन जातींचे जंतू एकत्र नांदतात. एक जण दुधातली प्रथिने फोडून दुसऱ्याला खाऊ पुरवतो; दुसरा त्याच्या मोबदल्यात पहिल्याला वाढायला लागणारी आम्ले आणि वायू तयार करून देतो. वेगवेगळे ठेवले तर दोघेही रेंगाळतात. एकत्र ठेवले की दही झरझर लागते. म्हणजे दह्याची वाटी हे कुणा एकट्याचे कर्तृत्व नव्हे. ते एक घर आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

या जीवांना कामाला लावण्याची माणसाची तऱ्हा कशी बदलत गेली, ते पाहण्यासारखे आहे. आधी होती निवड. ज्या घरचे दही चांगले, तिथून विरजण आणायचे. मग आला मार. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनची निकड भासली तेव्हा, १९४३ साली, अमेरिकेतल्या पिओरिया गावी बाजारातल्या एका पिकलेल्या खरबुजावर उत्तम पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली. शास्त्रज्ञांनी त्या बुरशीवर क्ष-किरण सोडले, अतिनील किरण सोडले. बहुतेक पिल्ले मेली, काही बिघडली आणि एखादे असे निघाले, की आईच्या कितीतरी पट औषध देऊ लागले. त्याचीच निपज पुढे वाढवायची. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि बुरशीची ही विद्या पुण्याच्या वेशीवर आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर १९५१ पासून उद्योगाला उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा संग्रहच जपून ठेवलेला आहे. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे तिथून विरजण न्यावे! मला ही कल्पना फार आवडते.

निवड झाली, मार झाला. तिसरी पायरी हुकमाची. १९७२ च्या नोव्हेंबरात हवाई बेटावर एक परिषद भरली होती. तिथे स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ रात्री खाण्याच्या दुकानात बोलत बसले. एकाला जंतूंच्या पोटातली आनुवंशिक सूत्राची लहान कडी वेगळी काढता येत होती. दुसऱ्याला ते सूत्र नेमक्या जागी कापता येत होते. दोघांनी विद्या एकत्र केली आणि वर्षभरात परक्या जीवाचे सूत्र जंतूच्या कडीत जोडून दाखवले. बेडकाच्या सूत्राचा तुकडासुद्धा त्या जंतूने आपलाच मानून जपला, आपल्या लेकराबाळांना वाटला. हा जंतू म्हणजे ई. कोलाय. आपल्या सर्वांच्या आतड्यात बिऱ्हाड करून राहणारा. सोयीचे हवापाणी मिळाले तर दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होणारा. रात्री एक जंतू ठेवून आपण झोपलो, तर आठ तासांनी हिशेबाने त्याचे १ कोटी ६७ लाख झालेले असतात. आणि त्या प्रत्येकाजवळ आपण लिहून दिलेली चिठ्ठी असते.

या चिठ्ठीत काय लिहायचे? पहिले मोठे उत्तर होते, इन्सुलिन. आणि इथे मला माझ्या आजीची गोष्ट सांगितली पाहिजे.

माझी आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला निर्जळी, घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य. तिला साखरेचा विकार होता आणि मला कळू लागले तेव्हापासून आजोबा तिला रोज सकाळी इन्सुलिन टोचीत. काचेची पिचकारी लहानशा पातेल्यात उकळायची, वाफ निवली की सुई लावायची, आजीने डोळे मिटून विठ्ठलाचे नाव घ्यायचे. नवी बाटली आली की आजोबा आधी एक काम करीत. खिडकीशी उभे राहून बाटलीवरचा छापील कागद पाण्याने भिजवून नखाने खरवडून काढीत. त्या वेळी बहुतेक इन्सुलिन गाईबैलांच्या नाहीतर डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे आणि तसे ते बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेले असे. आजीला इंग्रजी येत नव्हते. पण घरी येणाऱ्याजाणाऱ्यांना येत होते. आजोबा निवृत्त हेडमास्तर. उभ्या जन्मात कुणाशी खोटे न बोललेला माणूस. त्यांनी कितीतरी वर्षे ते एक खोटे नखाने खरवडून जपले.

आणि दुसरा मार्गही नव्हता. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्याप्रथम इन्सुलिन टोचले गेले. त्याच्या आधी हा विकार झालेली मुले उपाशी ठेवून काही महिने जगवली जात, एवढेच. ज्यांनी हा शोध लावला त्यांनी त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. विरजणाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम त्यांना कोणत्या आजीने शिकवला होता कोण जाणे! पण औषध निघत होते ते कत्तलखान्यातून. थोडक्या इन्सुलिनसाठी हजारो जनावरांची स्वादुपिंडे गोळा करावी लागत. रोगी वाढत होते आणि जनावरांवर किती काळ भिस्त ठेवायची, अशी चिंता शास्त्रज्ञांना पडली होती.

१९७८ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी ही चिठ्ठी लिहिली. इन्सुलिन म्हणजे एकावन्न मण्यांची चीज, एकवीस मण्यांची एक माळ आणि तीस मण्यांची दुसरी. या दोन माळा गुंफण्याची सूत्रे त्यांनी प्रयोगशाळेत रसायनांतून घडवली, ती ई. कोलायच्या दोन वेगवेगळ्या पिढ्यांना दिली आणि त्यांनी विणलेल्या माळा मागाहून एकमेकींत अडकवल्या. तयार झाले ते माणसाच्या शरीरात बनते तेच इन्सुलिन. १९८२ साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले. पुढे यीस्टकडूनही हे काम करून घेता येऊ लागले. बंगळूरच्या बायोकॉनने २००४ साली आपल्याकडे बाजारात आणलेले इन्सुलिन यीस्टचेच.

आमच्या घरी हे नवे औषध आले तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. आठ-पंधरा दिवस गेले असतील. एके सकाळी दंडावर कापूस दाबून धरीत आजी सहज म्हणाली,

“अहो, हल्ली बाटलीवरचा कागद खरवडत नाही तुम्ही?”

आजोबांच्या हातातली पिचकारी तशीच राहिली. मग त्यांनी सारे सांगितले. मान खाली घालून, एखाद्या विद्यार्थ्याने मास्तरांपुढे सांगावे तसे. आजी बराच वेळ गप्प होती. आता ही माळ उतरवते की काय, अशी मला भीती वाटली. ती एवढेच म्हणाली,

“मग आधी सांगायचं होतंत. त्या मुक्या जनावरांना रोज हात तरी जोडले असते.”

हे औषध कुठल्या जनावराचे, असे तिने नंतर विचारले. आजोबांनी जंतूंचे सांगितले. “म्हणजे विरजणच की,” असे म्हणून ती उठली आणि देवघरात गेली. त्या दिवशी तिची पूजा नेहमीपेक्षा लांबली.

शास्त्रज्ञांच्या चिठ्ठीने माझ्या आजोबांना एका असत्यातून सोडवले. विज्ञानाच्या इतिहासात याची नोंद कुठे होणार नाही. पण कोणी मला विचारले की जंतूंच्या सूत्रात ढवळाढवळ करण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला, तर माझ्या डोळ्यांपुढे प्रथम आजोबांचे ते नख येते.

म्हणून या शास्त्राकडे मला केवळ धास्तीने पाहता येत नाही. आणि धास्ती शास्त्रज्ञांनाही वाटली होतीच. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असिलोमार येथे सुमारे १४० जण जमले आणि आपल्याच संशोधनाला वेसण कशी घालायची, यावर त्यांनी खल केला. प्रयोगशाळेबाहेर पडला तर जगूच शकणार नाही, असा दुबळा जंतू मुद्दाम घडवावा, हाही त्यांतलाच एक तोडगा. खळबळ माजली ती मालकीवरून. बंगालमधल्या सैंथिया येथे जन्मलेले आनंद चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत. खनिज तेलाचे निरनिराळे घटक खाणारे निरनिराळे जंतू असतात. त्यांचे ते गुण चक्रवर्तींनी एकाच जंतूत एकत्र आणले आणि १९७२ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. जिवंत वस्तूवर कुणाची मालकी असू शकते का? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की माणसाने घडवलेल्या जंतूचे पेटंट मिळू शकते. एका मताचा फरक! तेव्हापासून विरजणाला किंमत आली. संशोधनाला पैसा लागतो, हे मलाही समजते. पण टोरांटोचा तो डॉलर विसरवत नाही.

इथवरचे सगळे पराक्रम एकेकट्या जंतूचे आहेत. त्याला पोलादी पिंपात ठेवायचे, खाऊ घालायचे, चिठ्ठी द्यायची आणि काम घ्यायचे. हा नोकर उत्तम. पण आता शास्त्रज्ञांना पिंपातून थेट आपल्या पोटात शिरायचे आहे आणि तिथे मामला नोकराचा नाही, घराचा आहे.

आपल्या शरीरात किती जंतू असतील? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे ३८ लाख कोटी. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. म्हणजे मतमोजणी झाली तर आपण आपल्याच घरात अल्पसंख्य! आणि या साऱ्या प्रजेचे वजन? दोनशे ग्रॅमच्या आसपास. वाटीभर दह्याइतके. आपण प्रत्येक जण अशी एक वाटी जन्मभर वागवीत असतो.

ही वाटी नासली तर काय होते, ते सांगण्याआधी वाचकांनी हातातली चकली संपवावी. कारण विषय पुढे थोडा नाजूक होणार आहे. प्रतिजैविक औषधांचा मारा झाला की रोगजंतूंबरोबर आतड्यातले भले जंतूही मारले जातात. ओस पडलेल्या त्या घरात मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा गुंड शिरतो आणि रोग्याला जुलाबांनी बेजार करतो. औषध द्यावे तर घर आणखीच ओस पडते. अशा रोग्यांवर नेदरलँड्समध्ये एक प्रयोग झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसाच्या विष्ठेचा द्राव रोग्यांच्या आतड्यात नळीने सोडला. सोळांपैकी तेरा जण पहिल्याच खेपेला बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नेहमीच्या औषधावर ठेवलेल्या तेरांपैकी बरे झाले होते ते फक्त चौघे. फरक इतका ढळढळीत, की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. चीनमधल्या वैद्यांनी चौथ्या शतकातच असा उपाय लिहून ठेवला होता म्हणे! नाक मुरडण्यापूर्वी एवढेच पाहा, की हे दुसरे काय आहे? शेजारच्या घरून मागून आणलेले विरजण.

मात्र विरजण चांगल्या घरचे हवे. २०१९ साली अमेरिकेत अशाच उपायानंतर एक रोगी दगावला. दात्याच्या विष्ठेत अनेक औषधांना दाद न देणारे ई. कोलाय होते आणि ती तपासणी आधी झालेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०२३ साली अशा तपासून शुद्ध केलेल्या जंतूंची तोंडाने घ्यायची कॅप्सूल तिथे मंजूर झाली. दुसरे काही शास्त्रज्ञ याच्याही पुढे जाऊन, नेमक्या आठ जाती निवडून त्यांचे एकत्र कुटुंब कॅप्सूलमध्ये बसवीत आहेत. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण कमी झालेले दिसले.

आणि हुकूम? तोही पोटात चालवून पाहिला गेला आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरला एक सैनिक आढळला. भोवतालचे सोबती हगवणीने आजारी आणि हा खणखणीत. त्याच्या आतड्यातून निस्लेने ई. कोलायची एक सुस्वभावी जात वेगळी काढली. शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या जातीला नवी चिठ्ठी दिली. काही मुले जन्मतःच प्रथिनांतला एक घटक पचवू शकत नाहीत आणि तो साठून त्यांच्या मेंदूला इजा होते. तो घटक तू आतड्यातच खाऊन टाक, असा हुकूम. लहान चाचण्यांत आशा वाटली. पण मोठ्या चाचणीत उद्दिष्ट गाठले जाण्याची शक्यता नाही असे दिसले आणि २०२४ साली ती थांबवण्यात आली. पिंपात जो हुकूम पोलादासारखा चालला, तो माणसाच्या पोटात पुरेसा चालला नाही. प्रयत्न काही थांबणार नाहीत, थांबूही नयेत. त्या मुलांच्या आया वाट पाहत आहेत. परंतु मला त्यातून एक गोष्ट उमगते. एकट्याला हुकूम सोडता येतो. नांदत्या घरात पाहुणा म्हणून जाणाराला आधी त्या घरचे होऊन राहावे लागते. लग्न होऊन सासरी आलेल्या कोणत्याही मुलीला हे शास्त्रज्ञांच्या आधी ठाऊक असते.

दरम्यान तुम्ही-आम्ही काय करायचे? आपल्या हातात ना प्रयोगशाळा, ना पेटंट. पण वाटी तर आहे. साध्या सर्दीपडशाला, मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या कपाटात आहेत म्हणून प्रतिजैविक घ्यायचे आणि ती वाटी निष्कारण उपडी करायची, हे आपल्या घराघरांतून चालते. सर्दी विषाणूची, त्या गोळ्यांना ती भीक घालत नाही. मरतात ते घरचे. डॉक्टरांनी लिहून दिले तर औषध जरूर घ्यावे आणि ते सांगतील तितके दिवस घ्यावे. शेजारणीने सुचवले म्हणून घेऊ नये. शेजारणीकडून घ्यावे ते विरजण.

मोठी माणसे उद्या आपल्या पोटातल्या घरासाठीही चिठ्ठ्या लिहितील. चांगल्या लिहितील अशी आशा करावी आणि त्या सर्वांच्या वाट्याला येतील इतक्या स्वस्त असाव्यात असा आग्रह धरावा. बाकी नियम जुनेच पुरेत. घर पाहून घ्यावे, मागणाऱ्याला द्यावे, शेवटचा चमचा राखावा. आणि एकदा विरजण लावले की सकाळपर्यंत भांडे हलवू नये.